जुनी साडी, रद्दी अन् चुंगडी : टाकाऊतून रोजी काढायची तर

शाळेच्या कार्यानुभवात बाटलीला लोकर गुंडाळून फुलदाणी करतात, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करतात. ते छान दिसतं, पण आठवडी बाजारात कोणी विकत घेत नाही. टाकाऊ सामानातून वस्तू करून घर चालवायचं असेल तर पहिला प्रश्न एवढाच विचारायचा : ही वस्तू आपल्या पंचक्रोशीत लोक आधीपासून पैसे देऊन घेतात का? वाकळ (गोधडी) घेतात. बाळाचं दुपटं घेतात. पायपुसणं, थैली, टोपलं घेतात. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, बैल तर पोरं असलेल्या घरांत लागतोच. या लेखात एवढ्याच वस्तू आहेत. पहिल्या वर्षी त्यांतल्याही दोनच धरा, एक शिवणाची आणि एक लगद्याची.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कच्चा माल स्वस्त असतो, पण हाताचा वेळ स्वस्त नसतो. नव्या माणसाचं नुकसान मालात होत नाही, तासांत होतं. म्हणून खाली दुपटं, वाकळ आणि पायपुसण्याबरोबर तास दिलेत.

माल कुठून आणायचा

जुनी साडी फुकट मिळते हा गैरसमज आहे. घरात बोहारीण येते, दोन-चार साड्यांवर स्टीलचा डबा देऊन जाते. म्हणजे साडीला भाव आहे आणि तो बाईला माहीत आहे. तुम्ही रिकाम्या हाताने मागायला गेलात तर पहिल्यांदा मिळेल, दुसऱ्यांदा नाही. दोन रस्ते चालतात. बोहारणीकडूनच निवडून घ्यायच्या, किंवा चार साड्या देणाऱ्या घरी त्यातल्याच कापडाची एक थैली शिवून द्यायची. दुसऱ्या रस्त्याने माल चांगला येतो, कारण बाई मग चांगली सुती साडी वेगळी काढून ठेवते.

टेलरकडच्या कात्रणाला पैसे पडत नाहीत, पण तुकडे लहान असतात. ते पॅचकामाला आणि खेळण्यात भरायला बरे. रद्दी कबाड्याकडे जायच्या आधी घरोघरून उचला, त्याच्या भावापेक्षा किलोमागे एक-दोन रुपये जास्त देऊन. खताच्या चुंगड्या (पोती) जून-जुलैत वावरावावरांत पडलेल्या असतात. त्या लगेच गोळा करा. उन्हात महिना काढलेलं विणलेलं प्लास्टिक कुजतं. कोपरा बोटांत चोळून बघा, भुकटी झडली तर ती चुंगडी तिथेच सोडा.

काही वस्तूंना हात लावायचाच नाही. कीटकनाशकाचे डबे, बाटल्या, पिशव्या कितीही धुतल्या तरी घरात आणू नका, कुंडीसाठीसुद्धा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत माणसं गेली, हे विदर्भात कोणाला वेगळं सांगायला नको. रंगाचे जुने उरलेले डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, औषधाच्या सुया याही नकोत. खताच्या चुंगडीपासून थैली करा, पण त्यात धान्य किंवा भाजी भरायला सांगून विकू नका. युरियाची चुंगडी धुतलेलं पाणी गुरांच्या हौदाजवळ सांडू नका. गुरांनी प्यायलं तर विषबाधा होते.

साडी ओळखणं आणि धुणं

कडेचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा सरळ पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत भुरभुर होते. पॉलिस्टर आधी आकसतं, मग वितळतं आणि थंड झाल्यावर काळी टणक गुठळी राहते. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्र कापड आहे, ते पॉलिस्टरच्या ढिगात टाका. सुती साड्या वाकळ आणि दुपट्याला, बाकीच्या पायपुसण्याला. हा नियम मोडू नका. पॉलिस्टरची वाकळ एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

सगळ्या साड्या शिवायच्या आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. मळ निघणं हे एक कारण. मोठं कारण असं की प्रत्येक साडी वेगळी आटते. न आटलेली साडी मधल्या थरात गेली की पहिल्या धुण्यात ती आखडते आणि सगळी वाकळ सुरकुतते. रंग सुटतो का ते बघायला ओलं पांढरं फडकं वीसेक वेळा घासा. फडक्यावर रंग आला तर ती साडी दुपट्याला बाद. मीठ-तुरटीने रंग पक्का होतो म्हणतात, पण जुन्या साडीच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

वाळल्यावर साडी उजेडासमोर धरा. बसायच्या जागी आणि खालच्या काठाला ती विरलेली असते, तिथून उजेड जास्त येतो. विरलेला भाग मधल्या थरात टाका, वर किंवा खाली कधीच नाही. जरीचा काठ उसवून वेगळा ठेवा, पुढे बैलाच्या झुलीला लागेल.

दुपट्यापासून सुरुवात

पहिलीच वस्तू म्हणून वाकळ घेऊ नका, दुपटं घ्या. लहान असतं, चूक झाली तर एका दिवसाचं नुकसान होतं आणि बाळंतविड्यात त्याला मान आहे. माप ३० इंच बाय ३६ इंच, थर तीन किंवा चार. पाचवारी साडी सुमारे १८ फूट लांब आणि ४५ इंच पन्ह्याची असते. तिचे तीन-तीन फुटांचे सहा तुकडे पडतात. विरलेला भाग काढूनही एका साडीत एक दुपटं निघतं आणि १५ इंची पट्ट्या उरतात, त्यांची कुंची किंवा लंगोट होतो.

सुती दोरा वापरा. जुनं मऊ सूत आणि कडक पॉलिस्टरचा दोरा यांचं जमत नाही, दोरा कापडाला कापत जातो. दोरा हातभर घ्या, त्याहून लांब नको. लांब दोऱ्याने वेळ वाचत नाही, गुंता होतो आणि सुईच्या नेढ्याशी घासून तो झिजतो. धावदोरा इंचाला तीन टाके असा घाला, रांगांत एक इंचाचं अंतर ठेवा. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची, शेवटी गाठ न मारता दोन उलटे टाके. बाळाच्या अंगाला गाठ लागते, आणि घेणारी आजी पहिल्यांदा तेच बोटाने चाचपून बघते.

हिशेब : ३० रांगा, प्रत्येकी तीन फूट, म्हणजे ९० फूट, साधारण २७ मीटर शिलाई. सरावलेला हात तासाला चारेक मीटर करतो. तयारीसकट आठ तास. तीन थरांच्या दुपट्याला रांगा दीड इंचावर घेतल्या तर शिलाई १८ मीटरवर येते आणि सव्वादोन तास वाचतात. बाजारात ठेवायच्या मालाला दीड इंच, ऑर्डरीच्या मालाला एक इंच.

वाकळ

एकेरी वाकळ पावणेचार फूट रुंद, सहा फूट लांब धरा. म्हणजे साडीचा पूर्ण पन्हा वापरला जातो आणि जोड येत नाही. एका साडीचे सहा-सहा फुटांचे तीन थर निघतात. सहा थरांच्या वाकळीला हिशेबाने दोन साड्या, विरलेलं वगळून अडीच-तीन.

खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा, जमीन सारवलेली किंवा फरशीची हवी. खाटेवर हे काम होत नाही. चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. मधले थर चारही बाजूंनी एकेक इंच लहान कापा, नाहीतर कडा दुमडताना तिथे काठीसारखी जाडी होते आणि सुई अडते. प्रत्येक थर अंथरल्यावर ओल्या तळव्याने मधून कडेकडे सरकवत सुरकुत्या काढा.

आता कच्चे टाके. ही पायरी नवी माणसं हमखास गाळतात. लांब लांब टाके, रांगा आठ-आठ इंचांवर, मधोमध सुरू करून कडेकडे न्यायचे. जुनी पद्धत कोपऱ्यातून सुरू करून चारही कडांनी फिरत फिरत आत यायची आहे, आणि ती देखणी आहे. पण त्या पद्धतीत कापडाचा ढिलेपणा आत ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो काढायला सगळी शिलाई उसवावी लागते. कच्चे टाके नीट असतील तर फुगा येत नाही, मग फिरत्या रांगा खुशाल घाला. काम संपल्यावर कच्चे टाके उसवा.

इंचा-इंचाच्या रांगा धरल्या तर ४५ रांगा गुणिले सहा फूट, म्हणजे सुमारे ८२ मीटर शिलाई. दुहेरी दोऱ्याने काम केलं तर दोनशे मीटर दोरा लागतो. शिलाईचे वीस तास, तयारीचे दोन-तीन. रोज चार तास बसलात तर पाच-सहा दिवस. वजन सव्वा ते दीड किलो भरतं.

मशीनवर करायची तर चार थरांच्या वर जाऊ नका. १८ नंबरची सुई घाला आणि टाका सर्वांत मोठा ठेवा. मशीनच्या पायाखाली कापड ढकलू नका, सुई वाकून तुटते. शिवताना टाके सुटू लागले तर आधी सुई बदला, मशीनचे स्क्रू फिरवत बसू नका. बहुतेक वेळा दोष बोथट सुईचाच असतो. मशीनची वाकळ तीन-चार तासांत होते, पण हाताच्या वाकळीसारखी लवत नाही आणि तिला तो भावही मिळत नाही.

पायपुसणं

पातळ पॉलिस्टर किंवा जॉर्जेट साडीच्या चार इंच रुंद लांबच लांब पट्ट्या फाडा. कात्रीने फक्त सुरुवात करून द्यायची, पुढे हाताने ओढली की सरळ फाटते. एका साडीच्या अकरा पट्ट्या होतात. तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी इंचभर रुंद येते. पट्टी संपली की नवी पट्टी तिरकी ठेवून शिवा, गाठ मारू नका. आणि तिन्ही पट्ट्या एकाच जागी संपू देऊ नका.

लंबगोल पायपुसणं १८ इंच बाय २४ इंच करायचं तर मधला सरळ भाग किती ठेवायचा? लांबीतून रुंदी वजा करा : सहा इंच. वेणीचं टोक सहा इंचांवर वळवा आणि तिथून गोल फिरत चला. वेणी साधारण तीस फूट लागते. वेणी घालताना पट्टी चौथ्या हिश्श्याने आखडते म्हणून प्रत्येक पट्टी चाळीस फूट हवी. या हिशेबाने दोन साड्यांत तीन पायपुसणी निघतात.

खरी मेख वळणावर आहे. सरळ भागात आतल्या वेणीचा एक दुवा (कडेचा एक वळसा) आणि बाहेरच्या वेणीचा एक दुवा असं शिवत जा. वळणावर मात्र आतल्या दोन दुव्यांमागे बाहेरचे तीन घ्यावे लागतात, कारण बाहेरचा फेरा मोठा असतो. ओढून शिवलं तर पायपुसण्याची परात होते, कडा वर उचलतात. फार सैल घेतलं तर कडा लाटांसारख्या नाचतात. दर दोन फेऱ्यांनी जमिनीवर ठेवून बघा. उचललेल्या कडेवर वजन ठेवून ती बसत नाही, ते दोन फेरे उसवायलाच लागतात.

खालून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन पट्ट्या दाभणाने टाका. फरशीवर घसरत नाही, आणि बाजारातल्या मशीनच्या स्वस्त पायपुसण्यापेक्षा तुमचं वेगळं का, हे गिऱ्हाइकाला पायाने दाखवता येतं. वेळ एकूण तीन-साडेतीन तास.

थैली

ही मशीनवाल्यांची वस्तू आहे, हाताने परवडत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे कापडी थैलीला मागणी टिकून आहे. भाव मात्र कमी असतो. साडीचे दोन थर, १५ बाय १७ इंच, खाली दोन्ही कोपरे तिरके शिवून तळ चौकोनी करा. थैली आधी कधीच फाटत नाही, आधी बंद तुटतो. म्हणून बंद काठावर चिकटवल्यासारखा न शिवता तीन इंच खाली आत न्या आणि तिथे चौकोनात फुली मारून शिवा.

चुंगडीच्या थैलीला टाका मोठा, चार मिलिमीटरचा ठेवा. बारीक टाक्याने सुईची छिद्रं जवळ जवळ पडतात आणि त्या रांगेवर चुंगडी तिकिटासारखी फाटते. कापलेली कड दोनदा दुमडा, नाहीतर पट्ट्या सुटत राहतात.

लगदा

बांबूचं टोपलं झिजलं की त्यावर कागद अन् मेथीचा लगदा लिंपायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तीच पुढे न्यायची.

वर्तमानपत्र, वह्यांचे कागद, खोक्याचा पुठ्ठा, अंड्यांचे ट्रे चालतात. चकचकीत मासिकाचा कागद नको, तो भिजत नाही. पिना काढून इंचभर तुकडे करा, हाताने फाडा. कात्रीने कापलेल्या कडेला तंतू मोकळे होत नाहीत. एक रात्र भिजवा, पुठ्ठा असेल तर दोन-तीन दिवस, पाणी रोज बदलून. मग उखळात कुटा किंवा पाट्यावर वाटा. स्वयंपाकाच्या मिक्सरमध्ये घालायची घाई करू नका, मोटार जळते. घालायचाच तर मूठभर लगद्याला दोन पेले पाणी.

एक किलो कोरड्या कागदाला दीडशे ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून बारीक वाटलेली आणि दोनशे ग्रॅम चिंचोक्याचं पीठ लिटरभर पाण्यात खळीसारखं शिजवलेलं. चिंचोके आधी भाजून टरफल काढायचे. चिंचोके नसतील तर मैद्याची खळ चालते, पण तिला किडे लवकर लागतात. लगदा आधी घट्ट पिळून घ्या, मग खळ आणि मेथी मळा. लाडू वळता आला पाहिजे आणि तळव्यातून थेंब गळता कामा नये. मेथी जास्त झाली तर वास राहतो, वाळायला वेळ लागतो आणि बुरशी धरते. कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विष आहे, ज्या टोपल्यात खायची वस्तू जाईल त्यात घालू नका. कडुनिंबाच्या पाल्याचा काढा खळीच्या पाण्यात वापरा.

साचा म्हणजे पालथं घमेलं. तोंड तळापेक्षा रुंद असेल असंच भांडं घ्या, नाहीतर टोपलं निघणार नाही. घमेल्यावर ओलं पातळ फडकं घाला आणि त्यावर लगदा थापा : तळाला एक सेंटिमीटर, बाजूंना थोडा कमी. एकदम जाड थापू नका. अर्धी जाडी आज, ती आंबट-ओली असताना वरची अर्धी उद्या. ओल्या तळव्याने दाबून हवा काढा.

तडे का जातात? लगदा वाळताना आटतो, घमेलं आटत नाही. म्हणून पूर्ण वाळायच्या आत, चामड्यासारखं झालं की टोपलं साच्यावरून उतरवा आणि उलट-सुलट करत सावलीत वाळवा. मेच्या उन्हात थेट ठेवलं तर वरची साल वाळते, आतलं ओलं राहतं आणि भेग पडते. एका बाजूने ऊन लागलं तर टोपलं वाकडं होतं. हिवाळ्यात चार-पाच दिवस, उन्हाळ्यात सावलीतही दोन दिवस. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. १२ इंच व्यासाची, चार इंच खोल अशी दोन टोपली एका किलोत होतात.

वाळल्यावर ८० नंबरचा आणि मग १५० नंबरचा पॉलिश पेपर मारा, खडूची भुकटी आणि फेविकॉल यांचा एक हात द्या, वर गेरू किंवा रंग. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा : कोरडं ठेवा, धुऊ नका.

तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. लाकडी बैल महाग आणि जड. लगद्याचा बैल हलका असतो आणि अगदी लहान पोराला ओढता येतो. पण पोळा श्रावणाच्या अमावास्येला, ऐन पावसात. त्या दिवसांत लगदा वाळत नाही, बुरशी धरतो. म्हणून बैल एप्रिल-मेमध्ये करून ठेवायचे, रंगसुद्धा तेव्हाच, आणि चुन्याच्या पुरचुंडीसह बंद डब्यात ठेवायचे.

सांगाड्याला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. चारही पाय चार सुट्या काड्यांचे लावले तर सांध्यात तुटतात. म्हणून पुढच्या डाव्या पायाची काडी पोटातून तिरकी नेऊन मागच्या उजव्या पायाजवळ दोऱ्याने बांधा, दुसरी तशीच उलट. पोट वर्तमानपत्राच्या घट्ट गुंडाळीचं करा, त्यावर लगदा फक्त अर्धा सेंटिमीटर. पोट भरीव लगद्याचं केलं तर आठवडाभर वाळत नाही आणि मध्येच चिरतं. वशिंड आणि शिंगं शेवटी, शिंगांत तारेचा तुकडा घालून. उंची सहा-आठ इंच पुरे.

बैल ज्या फळीवर उभा करायचा त्या पाटीला चाकं बाटलीच्या झाकणांची, आस सायकलच्या तुटक्या स्पोकची. झाकणाचं छिद्र तापलेल्या खिळ्याने बरोबर मधोमध पाडा, जरा सरकलं तर बैल लंगडत चालतो. पाटीखाली दोन चपटे दगड बांधा, नाहीतर हलका बैल दोरी ओढताच तोंडावर पडतो. झूल साडीच्या काठाची. रंग पाण्यात मिसळणारा नवा घ्या. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आहे, त्याआधीचा तेलरंगाचा डबा माळ्यावर असेल तर तो बैलाला वापरू नका. पोरं बैलाची शिंगं चोखतात.

कोणत्या महिन्यात काय

ऑक्टोबरला सोयाबीन काढणी, पुढे फेब्रुवारीपर्यंत कापूस वेचणी. या दिवसांत वावरातली मजुरी रोख मिळते, घरात बसून टाके घालण्यापेक्षा ती घ्या आणि या महिन्यांतल्या तारखा कोणाला देऊ नका. फेब्रुवारी ते मे हे लगद्याचे दिवस. जून-जुलैत पाऊस लागला की शिवण, फक्त सुया तेलाच्या फडक्यात ठेवा, पावसाळ्यात गंजतात आणि गंज सुती साडीवर डाग पाडतो. लग्नसराईत रुखवताला टोपली मागतात, ती ऑर्डर महिनाभर आधी घ्या.

भाव आणि विक्री

आपल्या तासाचा एक दर ठरवा. नमुन्यादाखल चाळीस रुपये धरा. हाताची वाकळ : २२ तासांचे ८८०, तीन साड्यांचे दीडशे, दोऱ्याचे साठ. हजाराच्या वर गेली. आठवडी बाजारात हा भाव कोणी देणार नाही, आणि पाचशेला दिली तर तुमचा तास पंधरा रुपयांच्याही खाली आला. म्हणून वाकळ बाजारात नेऊच नका. ती मजुरीवर शिवा : साड्या गिऱ्हाइकाच्या, मजुरी तुमची. आजीच्या, आईच्या साड्यांची वाकळ करून घेणारी माणसं अमरावती-नागपूरला नोकरीला असलेल्या घरांत निघतात, आणि तिथे कोणी बाजारातल्या ब्लँकेटशी भावाची तुलना करत नाही. नव्या माणसाला हा सर्वांत सुरक्षित रस्ता आहे. माल विकत घ्यायचा नाही, विकला जाईल का ही चिंता नाही. तिसरा हिस्सा आगाऊ घ्या.

बाजारात पायपुसणं, थैली, टोपलं न्या. भाव ठरवताना बसभाडं आणि बाजाराची पावती विसरू नका. दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदाराचा वाटा आधी बोलून घ्या आणि न विकलेला माल कधी परत घ्यायचा तेही. उधारीवर दहा नग ठेवण्यापेक्षा रोखीने तीन ठेवा.

बचत गटात असाल तर ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती) अभियानाच्या तालुक्याच्या कार्यालयात प्रदर्शनांची चौकशी करा. राज्य पातळीवर महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन भरतं. शिवण शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथलं प्रशिक्षण मोफत आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ कामांत दर्जी, टोपली-चटई-झाडू करणारे आणि पारंपरिक खेळणी करणारे येतात. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पुढे ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज. घरातल्या एकाच माणसाला मिळतं. नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात होते, पडताळणी ग्रामपंचायतीतून सुरू होते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे.

मजुरीच्या कामाला एक जाड वही ठेवा. गिऱ्हाइकाच्या साड्या घेताना प्रत्येकीचा रंग, काठ आणि आधीची भोकं लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच्यासमोरच उजेडात धरून विरलेला भाग दाखवा. कोणती साडी वर हवी, कोणती आत गेली तरी चालेल, ते विचारा. उरलेले काठ आणि तुकडे परत हवेत का, हेही तेव्हाच विचारा. आजीच्या इरकलीचा काठ परस्पर बैलाच्या झुलीला गेला, तर ते गिऱ्हाईक गेलंच, शिवाय त्याच्या नात्यातली चार घरंही गेली.